अळी, डीएनए आणि विदर्भाचं ऊन

प्राणिशास्त्रात बीएस्सी करून नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेकडे वळणारी मुलं हमखास विचारतात, 'प्रेतावरच्या अळीच्या डीएनएवरून मृत्यूची वेळ कळते ना?' नाही कळत. अळी कुठल्या माशीची, एवढंच डीएनए सांगतो. वेळ काढायची ती तापमानावरून: इतक्या उष्णतेत अळी एवढी वाढायला किती काळ लागला, हे मोजून.

पण माशी ओळखल्याशिवाय ते गणित मांडताच येत नाही. क्रायसोमाया मेगासेफाला आणि क्रायसोमाया रुफिफेसिस, दोन्ही माश्या आपल्याकडच्याच. वाढीचा वेग मात्र वेगळा. नुकत्या फुटलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकालाही चकवतात. मग सीओआय या जनुकाचा साधारण ६५० बेसचा, म्हणजे डीएनएच्या ६५० अक्षरांचा, तुकडा वाचायचा. तो प्रजाती ओळखायचा 'बारकोड' म्हणून २००३ साली जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी रूढ केला.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायचं तंत्र, कोणीही शिकतं. कस लागतो तो वावरात. मे महिना, कपाशीच्या पऱ्हाट्या, धुऱ्यावर प्रेत, पंचनाम्याची घाई. पोलीस पाटील विचारतात, "म्याडम, हे किडे कायले भरता?" नीट समजावून सांगा, पुढच्या वेळी पहिला फोन तेच करतील. निम्म्या अळ्या कडक गरम पाण्यात मारून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, निम्म्या माशी होईस्तोवर जिवंत वाढवा. शवागारात हाताशी असतं ते फॉर्मालिन, म्हणजे अवयव टिकवायचं द्रावण, आणि त्यात डीएनएची वाट लागते. प्रजाती ओळखताना अळीचं पोट वगळा, आत मृताचंच मांस असतं. प्रेत हलवलेलं असेल तर मात्र त्याच पोटातून माणसाचा डीएनए मिळू शकतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे: मृताच्या पोटात गेलेलं फवारणीचं औषध. देह सडल्यावर रक्त मिळत नाही, तेव्हा विषाचा अंश अळ्यांत सापडू शकतो. पण त्याच विषामुळे माश्या अंडी उशिरा घालतात आणि मृत्यूनंतरच्या काळाचा हिशेब कमी भरतो. हवाई बेटांवरच्या मॅलॅथिऑन या कीटकनाशकाच्या प्रकरणात हेच दिसलं. १९८९ सालचा तो शोधनिबंध मिळवून वाचाच.

अहवालात 'अमुक वाजता' कधी लिहू नका, 'किमान इतका काळ' लिहा. आणि घटनास्थळी तापमाननोंदक काही दिवस ठेवून यायला विसरू नका. हवामान केंद्र जिल्ह्याच्या गावी आणि प्रेत नाल्याच्या सावलीत, हा फरक बचाव पक्षाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत काढतो.