यूजर एजंट स्ट्रिंग कशी वाचायची (आणि त्यातलं किती खरं धरायचं)

ब्राउझर प्रत्येक साइटला आपण कोण आणि कुठल्या सिस्टिमवर चालतोय हे सांगणारी एक ओळ पाठवतो, तीच यूजर एजंट स्ट्रिंग. आधी स्वतःच्याच ब्राउझरची स्ट्रिंग समोर घ्या. कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, एफ12 दाबा, कन्सोलमध्ये नॅव्हिगेटर डॉट यूजरएजंट असं इंग्रजीत जोडून टाइप करा (एजंटचा ए तेवढा कॅपिटल) आणि एंटर मारा. विंडोजवर साधारण असं येईल, मी फक्त देवनागरीत लिहितोय:

मोझिला/5.0 (विंडोज एनटी 10.0, विन64, एक्स64) ॲपलवेबकिट/537.36 (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/138.0.0.0 सफारी/537.36

वापरताय क्रोम आणि ओळीत मोझिला, ॲपल, सफारी सगळी मंडळी हजर, लग्नपत्रिकेत आप्तेष्टांची नावं असतात तशी. नव्वदच्या दशकात काही साइट्स फ्रेम्सवालं पान फक्त मोझिला म्हणजे तेव्हाच्या नेटस्केप ब्राउझरलाच द्यायच्या, मग इंटरनेट एक्सप्लोररनेही मीच मोझिला म्हणून सांगायला सुरुवात केली आणि पुढे प्रत्येकाने तेच केलं. केएचटीएमएल हे कॉन्करर ब्राउझरचं इंजिन (पान दाखवणारा आतला भाग), त्यावरून ॲपलने वेबकिट बनवलं, 2008 ला क्रोम आला तो वेबकिटवरच, म्हणून त्याला सफारीचं शेपूट. 2013 मध्ये गूगलने ब्लिंक हे स्वतःचं इंजिन वेगळं काढलं तरी 537.36 हा आकडा तिथेच गोठला तो गोठलाच.

म्हणून पहिलं काम, मोझिला/5.0 आणि 537.36 डोळ्यांआड करा, त्यातून काहीच कळत नाही.

मग पहिला कंस बघा, तिथे ऑपरेटिंग सिस्टिम असते, पण जपून. विंडोज 11 सुद्धा एनटी 10.0 असंच सांगतं. आयपॅडवरची सफारी तर 2019 पासून बिनधास्त मॅकिंटॉश म्हणते. अँड्रॉइडवर क्रोमने 2023 पासून सगळ्यांना "अँड्रॉइड 10, के" करून टाकलंय, फोन कुठलाही असो. हे माहीत नव्हतं तेव्हा एका रिपोर्टात जिकडेतिकडे के मॉडेल बघून मी अर्धा दिवस हा के कुठल्या कंपनीचा फोन ते शोधत बसलेलो. कंसात शेवटी डब्ल्यूव्ही दिसलं तर तो अँड्रॉइडचा वेबव्ह्यू, म्हणजे कुठल्यातरी ॲपच्या आतून पान उघडलंय.

आता ब्राउझरचं नाव, आणि इथे सगळा खेळ कुठलं नाव आधी शोधता याचा आहे. मी पहिल्यांदा कोड लिहिला तेव्हा सफारी सर्वात वर तपासली, झालं, क्रोमवाले सगळेच्या सगळे सफारीच्या खात्यात! दुर्मिळ नाव आधी शोधायचं: ईडीजी/ सापडलं तर एज (स्पेलिंगमधला शेवटचा ई नसतो, जुन्या एजमध्ये होता), ओपीआर/ म्हणजे ऑपेरा, सॅमसंगब्राउझर/ उघडच आहे, सीआरआयओएस/ म्हणजे आयफोनवरचा क्रोम. यातलं काही नसेल आणि क्रोम/ असेल तर क्रोम धरा, तोही नसेल तर शेवटी सफारी. खऱ्या सफारीचा आकडा व्हर्जन/ या तुकड्यातून घ्यायचा, सफारी/ पुढचा नाही. फायरफॉक्स बिचारा सरळ, फायरफॉक्स/ शोधलं की काम झालं, फक्त आयफोनवर तो एफएक्सआयओएस/ असतो. ब्रेव्ह मात्र क्रोमचीच स्ट्रिंग पाठवतो, तो यातून पकडता येत नाही.

क्रोमच्या आकड्यात पहिलाच भाग कामाचा, पुढची शून्यं मुद्दाम घातलेली आहेत. आणि आकडे तपासताना ते मजकूर म्हणून नाही, संख्या म्हणून तपासा, नाहीतर 99 हा 138 पेक्षा मोठा ठरतो आणि आपण डोकं खाजवत बसतो.

एखादं फीचर चालतंय का एवढंच बघायचं असेल तर या भानगडीत पडूच नका, जावास्क्रिप्टमध्ये ते फीचर आहे का ते थेट तपासा. स्ट्रिंग लागते ती सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण कोण आलं त्याच्या नोंदी, चाळताना. तिथेही गूगलबॉट (गूगल सर्चसाठी पानं गोळा करणारा प्रोग्राम) लिहिलंय म्हणून लगेच दार उघडू नका, ते कोणीही लिहू शकतं. ती विनंती ज्या आयपी पत्त्यावरून आली त्याचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव) काढा, नाव गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमवर संपतंय का बघा, आणि मग त्या नावावरून परत तोच आयपी येतो का तेही बघा.