उजळणीची आठ मिनिटं: प्राथमिकच्या वर्गात रोज काय आणि कसं विचारायचं

"समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणतो. सातचा पाढा सगळ्यांनी एका सुरात म्हटला की कानाला बरं वाटतं. पण त्या सुरात नुसते ओठ हलवणारी पाच-सात मुलं असतात, आणि ती कोणती ते बाईंना किंवा सरांना कळत नाही. धडा पुन्हा वाचून घेतला तरी तीच गत. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पुस्तक मिटलं की पाटी कोरी.

रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 साली नेमकं हेच तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. ते कॉलेजचे विद्यार्थी होते, पण तिसरी-चौथीच्या वर्गातही हेच बघायला मिळतं. म्हणून उजळणीचा कुठलाही प्रकार निवडताना दोनच गोष्टी बघाव्यात: प्रत्येक मुलाला उत्तर स्वतः आठवावं लागतंय का, आणि ते उत्तर शिक्षकाला त्याच तासाला दिसतंय का.

रोजचे पाच प्रश्न

मुलं वर्गात येण्याआधी फळ्याच्या एका कडेला पाच प्रश्न लिहून ठेवा. कडा रोज तीच. मुलांना सवय लागली की दप्तर ठेवता ठेवता ती तिकडे बघतात आणि "वही काढा" म्हणावं लागत नाही.

प्रश्नांची वाटणी अशी: दोन कालच्या धड्यावरचे, एक मागच्या आठवड्यातला, एक साधारण महिन्यापूर्वीचा आणि एक आज जे शिकवायचं आहे त्याला लागणारा. आज बाकी उरणारा भागाकार असेल तर पाचवा प्रश्न 7 × 6 सारखा पाढ्यातला घ्या. महिन्यापूर्वीचा प्रश्न गाळायचा मोह होतो, कारण तिथे निम्मा वर्ग अडतो. म्हणूनच तो ठेवायचा.

उत्तर एका शब्दात किंवा एका संख्येत मावलं पाहिजे. "जलचक्राचे वर्णन करा" इथे नको; "वाफ थंड झाली की तिचं काय होतं?" चालेल. मुलांनी प्रश्न उतरवायचा नाही, फक्त क्रमांक आणि उत्तर लिहायचं. एवढं सांगायचं राहिलं की आठ मिनिटांची वीस होतात, कारण फळ्यावरची एक ओळ उतरवण्यातच काही मुलांचं मिनिट-दीड मिनिट जातं.

चार मिनिटं लिहायला, चार तपासायला. तपासायचं मुलांनीच, दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने. चुकलेलं उत्तर खोडायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी बरोबर उत्तर. खोडरबर त्या वेळी दप्तरातच राहू द्या. खोडून लिहिलेली वही दिसायला छान दिसते, पण कुठे चुकलं होतं हे तिच्यातून पुसलं गेलेलं असतं. आणि या पाच प्रश्नांना गुण देऊ नका. गुण आले की मान शेजारच्या वहीकडे वळते, मग त्या वहीतून शेजाऱ्याला काय येतं एवढंच कळतं.

पहिला आठवडा हे सगळं पंधरा मिनिटं खाईल. खाऊ द्या.

पाटी वर!

या कामाला पाटीसारखं साधन नाही. दगडी पाटी, पांढरा छोटा बोर्ड, नाहीतर प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातलेला कोरा कागद आणि पुसता येणारा पेन, काहीही चालतं. पुसायला प्रत्येकाकडे हातभर कापड हवं. ते नसलं की बाह्या वापरल्या जातात.

क्रम मात्र पक्का ठेवा. आधी प्रश्न विचारा. मग मनातल्या मनात पाच आकडे मोजा आणि तोवर कुणीही खडू उचलायचा नाही. "लिहा" म्हटलं की लिहायचं, लिहून झालं की पाटी पालथी करून छातीशी धरायची. "पाटी वर" म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. यातली पालथी पाटी सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर पहिली हुशार पाटी वर जाते आणि बाकीच्या तिची नक्कल करतात. आकडा तळहाताएवढा मोठा काढायला सांगा, नाहीतर मागच्या ओळीतल्या पाट्या वाचताच येत नाहीत.

पाच आकडे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबली आणि "येत नाही" म्हणणं कमी झालं. आपण थांबतो असं प्रत्येक शिक्षकाला वाटतं. घड्याळ लावून बघावं.

प्रश्न असा निवडा की चुकीचं उत्तरही काहीतरी सांगेल. 52 − 27 घ्या. पाट्या वर गेल्या की बहुतेक 25 दिसतील. काही 35 असतील: त्या मुलांनी एककात 2 मधून 7 जात नाहीत म्हणून उलट 7 मधून 2 वजा केले. त्यांना हातच्याची गरजच वाटलेली नाही. एखादी पाटी 79 दाखवेल. त्या मुलाने चिन्ह न बघता बेरीज केली. 24 किंवा 26 असेल तर पद्धत बरोबर आहे, मोजणी घसरली. तिन्ही चुकांवर उपाय वेगवेगळे. 35 वाल्याला दहाची मोळी सोडून काड्या मोजायला द्याव्या लागतात, 79 वाल्याला गणित सोडवण्याआधी चिन्हाभोवती गोल काढायची सवय पुरते. याउलट 58 − 23 विचारलं असतं तर हातच्याची चूक लपूनच राहिली असती.

संख्या ऐकून लिहितानाही असंच. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, म्हणून "पंचेचाळीस" ऐकून मूल कानावर आलं त्या क्रमाने 54 लिहितं. "एकोणसाठ" ऐकलं की 69 येतं, कारण "साठ" ऐकू आलं आणि "एकोण" म्हणजे नऊ एवढंच डोक्यात आहे. एकोण म्हणजे एक कमी, हे नाही. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ एकाच दिवशी पाटीवर घ्या आणि प्रत्येक वेळी आधी "साठाला एक कमी" असं बोलून घ्या. हा नियम पक्का झालेली मुलं पुढे 99 ला "एकोणशंभर" म्हणतात. ती चूक झाली तर खूश व्हायला हरकत नाही. नियम कळल्याची ती खूण आहे. "नव्व्याण्णव" तेवढं वेगळं पाठ करून घ्यायचं.

किती पाट्या चुकल्यावर थांबायचं? चाळीसांत चार-पाच चुकल्या असतील तर पुढे जा आणि ती नावं टिपून ठेवा. दहाबारा चुकल्या तर बरोबर आणि चूक अशा दोन पाट्या, कुणाच्या ते न सांगता, फळ्यावर उतरवा आणि जोडीत दोन मिनिटं बोलू द्या: यातलं कुठलं पटतं, का? मग तोच प्रश्न आकडे बदलून. निम्म्याहून जास्त चुकल्या तर ती उजळणी उरत नाही; धडा पुन्हा शिकवायचा आहे, तो दुसऱ्या रीतीने शिकवा.

पहिलीच्या मुलांना लिहायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी फळ्यावर तीन पर्याय लिहा आणि छातीशी एक, दोन किंवा तीन बोटं धरायला सांगा. हो-नाही प्रकारचे प्रश्न टाळा, अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात.

जोडीने पत्ते

कोरा कागद तीनदा दुमडला की आठ चौकोन मिळतात; तीन कागदांत चोवीस पत्ते. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर: पाढे, विरुद्धार्थी शब्द, जोडाक्षरांचे शब्द. पातळ कागदावर स्केचपेन वापरू नका, मागचं उत्तर आरपार दिसतं. पेन्सिल किंवा जाड कागद.

प्रत्येक मुलाला तीन पाकिटं. सगळे पत्ते पहिल्या पाकिटात सुरू होतात. उत्तर बरोबर आलं की पत्ता पुढच्या पाकिटात, चुकलं की तो कुठेही असला तरी परत पहिल्यात. पहिलं पाकीट रोज, दुसरं एक दिवसाआड, तिसरं आठवड्यातून एकदा. ही रीत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची, तिला पन्नासएक वर्षं झाली, आणि तिचा फायदा साधा आहे: जे येतं त्यावर वेळ जात नाही.

बिघडतं एकाच ठिकाणी. मूल पत्ता उलटून बघतं आणि म्हणतं, "मला येतच होतं." म्हणून पत्ता जोडीदाराच्या हातात असावा आणि उत्तर मोठ्याने बोलल्याशिवाय त्याने तो उलटू नये. दहा मिनिटं पुरे. त्याहून जास्त झालं की पत्त्यांची विमानं होतात.

खेळ घेताना

"चुकला तो बाद" हा खेळ उजळणीला घेऊ नका. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच पहिल्या फेरीत बाद होतो आणि उरलेला अर्धा तास भिंतीशी बसतो. दोन संघांच्या प्रश्नमंजूषेतही एक मूल उत्तर देतं आणि बाकीची टाळ्या वाजवतात. ती घ्यायचीच तर चार-चारांचे गट करा, प्रत्येकाला 1 ते 4 क्रमांक द्या. प्रश्न आला की गटाने डोकी एकत्र आणून उत्तर ठरवायचं आणि ते चौघांनाही सांगता येतंय याची खात्री करायची. मग फासा टाका. 5 किंवा 6 पडला तर पुन्हा टाका. जो क्रमांक पडेल त्यानेच उत्तर द्यायचं. आपला क्रमांक कधीही लागू शकतो म्हटल्यावर मागे बसणाराही कान देतो, आणि हुशार मूल आपणहून दुसऱ्याला समजावून सांगतं.

टिपलेल्या नावांचं काय करायचं

एका वहीत डावीकडे मुलांची नावं, वरच्या ओळीत घटक: हातच्याची वजाबाकी, सातचा पाढा, ऱ्हस्व-दीर्घ. फक्त अडलेल्याच्या रकान्यात टिंब द्या; बरोबर आलेल्यांसाठी काही लिहू नका, नाहीतर ही वही दोन दिवसांत बंद पडते. एकाच रकान्यात चार-पाच टिंबं झाली की बाकीचा वर्ग पत्त्यांवर बसवून त्या मुलांना दहा मिनिटं फळ्याजवळ घ्या. हा गट दर वेळी बदलला पाहिजे. तीच पाच मुलं रोज फळ्याजवळ दिसू लागली की वर्ग त्यांना नाव ठेवतो आणि ती उत्तर लिहिण्याऐवजी पाटी झाकायला शिकतात. फळ्याजवळ सुटलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी पाचांत टाका, आणि पुन्हा आठवड्याने. दोन्ही वेळा बरोबर आला तरच टिंबावर रेघ मारा.