चाक बांधण्याआधी स्पोकची लांबी कशी काढावी

दुकानात जाऊन "सव्वीसच्या चाकाचे स्पोक द्या" एवढंच सांगितलं, तर मिळालेले स्पोक बसतीलच असं नाही. माउंटन बाइकच्या २६ इंची रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर असतो. जुन्या साध्या सायकलला २६ × १ ३/८ असं लिहिलेला टायर लागतो, त्याच्या रिमचा हाच व्यास ५९० मिमी. दोन्हींना आपण सव्वीसच म्हणतो. व्यासातला हा ३१ मिमीचा फरक स्पोकच्या लांबीत साधारण १५ मिमी होऊन उतरतो, आणि स्पोकच्या टोकाला आटे असतात जेमतेम ९ ते १० मिमी. म्हणजे चूक सावरून घ्यायला जागाच नसते.

स्पोक लांब पडला तर निपल, म्हणजे स्पोकला रिमवर आवळणारा छोटा नट, आट्यांच्या शेवटाला जाऊन अडकतो. किल्ली फिरत नाही आणि ताण मात्र अजून आलेला नसतो. एकेरी भिंतीच्या रिममध्ये स्पोकचं टोक वर येऊन ट्यूबला भोसकतं, ते वेगळंच. आखूड पडला तर चाक बांधून होतं, आऊटही (चाकाची डगमग) निघतो, सगळं ठीक दिसतं. पण स्पोक निपलच्या डोक्यापर्यंत पोचलेला नसतो. सगळा ताण निपलच्या मानेवर येतो आणि काही महिन्यांनी ती मान तुटते. ॲल्युमिनियमचे निपल असतील तर फार लवकर. माझ्या मते हीच चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही.

म्हणून स्पोक विकत घ्यायच्या आधी मोजा आणि गणित करा. लागतं काय? एक व्हर्नियर कॅलिपर, एक स्टीलची पट्टी, दोन जुने स्पोक, नव्या चाकाला लावणार तेच निपल आणि साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर. तो मोबाइलमध्ये असतोच.

रिम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

रिमचं हवं असलेलं माप म्हणजे ईआरडी. समोरासमोरच्या दोन स्पोकची टोकं रिममध्ये जिथे थांबायला हवीत, त्या दोन बिंदूंमधलं अंतर. निपलच्या डोक्यावर पेचकससाठी खाच असते. तिच्या तळाशी स्पोकचं टोक यावं, असं मी धरतो. हे माप बाहेरून टेप लावून मिळत नाही, कारण दुहेरी भिंतीच्या रिममध्ये निपल आतल्या पोकळीत बसलेला असतो. टायरच्या आकड्यावरूनही ते कळत नाही. ६२२ मिमीच्या, म्हणजे ७००सी मापाच्या दोन रिम घ्या, एक बसकी आणि एक उंच भिंतीची. दोघींच्या ईआरडीत कितीतरी मिलिमीटरचा फरक निघतो.

मोजायची रीत अशी. दोन जुने सरळ स्पोक घ्या. प्रत्येकावर निपल चढवा आणि स्पोकचं टोक खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा. निपल हलू नये म्हणून गोंदाचा एक थेंब टाका. आता त्या टोकापासून बरोबर २०० मिमी मोजून स्पोकचा वाकडा भाग कापून टाका. झाले तुमचे दोन मोजदांडे. जपून ठेवा, जन्मभर उपयोगी पडतील.

टायरच्या बाजूने एक दांडा रिमच्या छिद्रात घाला आणि दुसरा बरोबर समोरच्या छिद्रात. समोरचं छिद्र डोळ्यांनी ठरवू नका, मोजा: ३२ छिद्रांच्या रिमला पहिल्यापासून सोळावं पुढचं, ३६ च्या रिमला अठरावं. कोणाला तरी एक दांडा मध्याकडे ताणून धरायला सांगा, दुसरा तुम्ही ताणा, आणि कापलेल्या दोन टोकांमधली मोकळी जागा मोजा. ती २०२ मिमी भरली तर ईआरडी झाला २०० + २०० + २०२ = ६०२ मिमी. निपलखाली वॉशर घालणार असाल तर मोजतानाही घाला.

असं एका जागी मोजून थांबू नका. रिमभर चार जागी मोजा आणि सरासरी घ्या. आकड्यांमध्ये दोन मिमीपेक्षा जास्त तफावत आली तर रिमच गोल नाही, तिच्यावर नवे स्पोक खर्च करू नका.

मी पहिलं चाक बांधलं तेव्हा ईआरडी छापील माहितीतून उचलला होता. हातात आलेली रिम त्याच नावाची पण थोडी वेगळ्या बनावटीची होती. छत्तीसच्या छत्तीस स्पोक तीन मिमी लांब निघाले आणि ओवलेलं चाक पूर्ण सोडावं लागलं. तेव्हापासून रिम हातात आल्याशिवाय मी स्पोक मागवत नाही.

हब: तीन मापं

हब म्हणजे चाकाच्या मधला भाग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या, स्पोकची छिद्रं असलेल्या गोल कडा म्हणजे फ्लॅंज. पहिलं माप फ्लॅंजवरच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी. तो छिद्राच्या मध्यापासून समोरच्या छिद्राच्या मध्यापर्यंत धरायचा. मध्य अचूक सापडत नाही, म्हणून एका छिद्राच्या डाव्या कडेपासून समोरच्या छिद्राच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा. अंतर तेच येतं. ॲक्सल आड येत असेल तर फ्लॅंजचा बाहेरचा पूर्ण व्यास घ्या आणि फ्लॅंजच्या कडेपासून छिद्राच्या मध्यापर्यंतचं अंतर दोनदा वजा करा.

दुसरं माप फ्लॅंज चाकाच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते. दोन्ही बाजूंच्या लॉकनटच्या (ॲक्सलवरच्या सगळ्यात बाहेरच्या नटच्या) बाहेरच्या तोंडांमधलं अंतर मोजा. रोड बाइकच्या जुन्या पद्धतीच्या मागच्या हबला ते १३० मिमी असतं, साध्या पुढच्या हबला १००. त्याचं निम्मं म्हणजे मध्य. मग लॉकनटच्या तोंडापासून फ्लॅंजच्या जाडीच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्या निम्म्यातून वजा करा. माझ्यासमोरच्या मागच्या हबचं डावं अंतर २८ भरलं: ६५ – २८ = ३७. उजवीकडे गिअरच्या चकत्यांमुळे फ्लॅंज आत ढकललेला असतो, तिथे ४५ भरलं: ६५ – ४५ = २०. म्हणूनच मागच्या चाकाचे डावे आणि उजवे स्पोक वेगळ्या लांबीचे लागतात. डिस्क ब्रेकच्या पुढच्या हबलाही बहुधा असाच फरक असतो, तो विसरू नका.

तिसरं, स्पोकच्या छिद्राचा व्यास. बहुतेक हबला तो २.५ मिमीच्या आसपास असतो.

काही रिमना छिद्रं मध्यापासून दोनतीन मिमी एका बाजूला पाडलेली असतात. अशी रिम असेल तर छिद्रं ज्या बाजूला सरकलेली आहेत त्या बाजूच्या फ्लॅंजच्या मापातून तेवढं अंतर वजा करा आणि दुसऱ्या बाजूला मिळवा.

क्रॉस आणि कोन

एक स्पोक हबपासून रिमपर्यंत जाताना त्याच फ्लॅंजच्या किती स्पोकना ओलांडतो, तो आकडा म्हणजे क्रॉस. ३२ आणि ३६ स्पोकच्या चाकाला तीन क्रॉस हा भरवशाचा नमुना. इंग्लिश पद्धतीच्या जुन्या काळ्या सायकलींना मागे ४० स्पोक असत, तिथे चार क्रॉस चालतात. २४ स्पोकना दोन पुरेत.

३२ स्पोकच्या चाकात प्रत्येक फ्लॅंजवर १६ छिद्रं, म्हणजे दोन छिद्रांमध्ये ३६० ÷ १६ = २२.५ अंश. प्रत्येक क्रॉसमागे स्पोक एक छिद्र पुढे सरकतो. तीन क्रॉस म्हणजे ६७.५ अंश. थोडक्यात, क्रॉस × ७२० ÷ एकूण स्पोक.

गणित

बाजूने पाहिलं तर चाकाचा मध्य, हबवरचं छिद्र आणि रिमवरचं टोक यांचा त्रिकोण होतो. त्याच्या दोन बाजू आणि त्यांमधला कोन आपल्याला माहीत आहे, तिसरी बाजू बारावीच्या कोसाइन नियमाने निघते. त्यात फ्लॅंजचं बाजूला असणं पायथागोरसने मिळवायचं. ईआरडीच्या निम्म्याला र म्हणू, पीसीडीच्या निम्म्याला ह, फ्लॅंजच्या मध्यापासूनच्या अंतराला फ:

लांबी = √(र² + ह² + फ² – २ × र × ह × कोसाइन कोन) – छिद्राच्या व्यासाचं निम्मं

पुढचं चाक घेऊ. ईआरडी ६०२, पीसीडी ३८, फ्लॅंज मध्यापासून ३५, ३२ स्पोक, तीन क्रॉस. म्हणजे र ३०१, ह १९, फ ३५.

र² + ह² + फ² = ९०६०१ + ३६१ + १२२५ = ९२१८७
६७.५ अंशाचा कोसाइन ०.३८२७
२ × ३०१ × १९ × ०.३८२७ = ४३७७
९२१८७ – ४३७७ = ८७८१०, त्याचं वर्गमूळ २९६.३
२९६.३ – १.२५ = २९५.१ मिमी

इथे एक जागा फार फसवी आहे. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर याच चाकाचं उत्तर ३०३ मिमी येतं. आकडा खरा वाटतो आणि स्पोक आठ मिमी लांब येतात. आधी ६० अंशाचा कोसाइन काढून पाहा, ०.५ आला तरच पुढे जा.

मागच्या चाकाला तीच रिम, पीसीडी ४५ (ह २२.५), आणि वर मोजलेली ३७ व २० ही अंतरं. डावीकडे २९४.२ येतात, उजवीकडे २९२.६.

हिशेब तयार करून देणारी साधनं आहेत. डीटी स्विसचं स्वतःचं आहे, डेमन रिनार्ड यांची स्पोककॅल्क ही एक्सेलची तयार शीट तर चाक बांधणारे वर्षानुवर्षं वापरतात. जरूर वापरा, पण एकदा हाताने करा, म्हणजे कुठला आकडा किती जड आहे ते कळतं. फ्लॅंजचं अंतर पूर्ण २ मिमी चुकलं तरी स्पोकमध्ये पाव मिमीचाच फरक पडतो. पीसीडी १ मिमी चुकला तर ०.१६ मिमी. ईआरडी मात्र २ मिमी चुकला की स्पोक पूर्ण १ मिमी चुकतो. आणि क्रॉस चुकीचा धरला, तीनऐवजी दोन, तर पुढच्या चाकाचे २९५ चे थेट २८९ होतात.

कुठला आकडा मागवायचा

उत्तराच्या जवळचा, आणि दोन मापांच्या मध्ये पडलात तर आखूड. २ मिमी जाडीचा, म्हणजे १४ गेजचा स्पोक १०० किलोच्या ताणाखाली सुमारे अर्धा मिमी लांबतो, रिमही किंचित आवळते. त्यामुळे वरच्या चाकांना मी पुढे २९५, मागे डावीकडे २९४ आणि उजवीकडे २९२ मागवीन. फक्त सम मापं मिळत असतील तर पुढे २९४ घेईन. एक मिमी आखूड चालतो, दोन नाही.

मागवताना हेही स्पष्ट सांगा की लांबी वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्याच्या टोकापर्यंत हवी आहे. स्पोक हातात आले की पट्टीवर एक मोजा. मग दोनचार स्पोक ओवून निपल पेलवेल इतके आवळा आणि रिमच्या छिद्रातून टोक कुठवर आलंय ते टॉर्चने पाहा. या वेळी ते खाचेच्या थोडं खाली दिसायला हवं, कारण ताण यायचा आहे. आत्ताच वर डोकावत असेल तर थांबा, बाकीचे ओवू नका. परत करता येतील असे तरी राहतील.

प्रत्येक बाजूला दोन स्पोक जास्त घ्या. डाव्या आणि उजव्या गठ्ठ्यावर चिकटपट्टी लावून लांबी लिहा. २९२ आणि २९४ एकदा टेबलावर मिसळले की डोळ्यांनी वेगळे होत नाहीत. उरलेले स्पोक त्याच पट्टीसकट ठेवून द्या आणि पट्टीवर रिम, हब आणि ईआरडीही लिहा. दोन वर्षांनी गिअरकडचा एखादा स्पोक तुटेल, तेव्हा पुन्हा मोजत बसावं लागणार नाही.