घाट चढायच्या आधी: पाचगणीला कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

यादीतलं पहिलं काम म्हणजे जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाचगणीला जाऊन सलग दहा दिवस राहून या. हॉटेल टाळा. घरगुती खोली घ्या, म्हणजे चहा स्वतः करावा लागेल, कपडे वाळत घालावे लागतील, भाजी आणायला छत्री घेऊन बाहेर पडावं लागेल. आपण सगळेच या गावाच्या प्रेमात पडतो ते डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, नाहीतर मे महिन्यात टेबललँडवर संध्याकाळचा वारा अंगावर घेताना. मी आणि आमचे हे तसेच पडलो. पुण्याचं घर बंद करून इथे आलो तेव्हा मी ५६ वर्षांची होते आणि हे ६० चे. आता चार पावसाळे झाले. ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून "आम्हीही यायचं म्हणतोय" सांगतं, आणि मी त्यांना जे सांगते तेच इथे लिहून काढते आहे.

पावसाचा हिशेब आधी समजून घ्या. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यात अंतर १८-१९ किलोमीटरचं, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात आणि बराचसा भार महाबळेश्वरावरच उतरवतात. तिथे वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो, आणि खाली वाईला त्याहूनही कितीतरी कमी. म्हणून ज्यांना दमा किंवा संधिवात आहे त्यांनी महाबळेश्वरचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ झाल्याचा त्रास सहसा कुणाला होत नाही. त्रास होतो तो ओलीचा आणि चढ-उतारांचा. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी ओढून ओढून पेटत नाही. त्या दहा दिवसांत गुडघे कसे राहिले, रात्री श्वास कसा होता, आणि चार-चार दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा मनाला काय झालं, हे दोघांनी आपापल्या वहीत वेगवेगळं लिहा आणि परत गेल्यावर एकमेकांना वाचून दाखवा. नवऱ्याची हौस म्हणून बायको आली किंवा बायकोची हौस म्हणून नवरा आला, अशी घरं इथे फार दिवस टिकलेली मी पाहिली नाहीत.

दहा दिवसांनंतरही मन बदललं नाही, तर घर भाड्यानेच घ्या, आणि एक पूर्ण वर्ष निघेपर्यंत शहरातलं घर विकू नका. ही अट मी सगळ्यांना हात जोडून घालते. भाड्याचं घर मिळायला वेळ लागतो, कारण इथे मालकांना पर्यटकांकडून दिवसाच्या हिशेबाने जास्त पैसे मिळतात. करार बोलण्यावर ठेवू नका, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा आणि तो नोंदवून घ्या. एप्रिल-मेमध्ये आणि नाताळात घर रिकामं करून मागणार नाही, हे त्यात लिहून घ्या. आमच्याकडून ते राहिलं होतं. पहिल्याच मे महिन्यात मालकांनी पंधरा दिवस घर मागितलं, तेव्हा यांच्या आईला, ८४ वर्षांच्या सासूबाईंना, घेऊन आम्हाला पुण्याला परत जावं लागलं.

घर बघायला जाल तेव्हा दरीचा देखावा शेवटी बघा. गाडी दारापर्यंत येते का ते आधी बघा. रस्त्यापासून घरापर्यंत पन्नास पायऱ्या असतील तर ते घर सोडून द्या, कारण आज तुम्ही त्या सहज चढाल, पण उद्या खुर्चीत बसवून कुणाला तरी त्याच पायऱ्यांवरून खाली न्यावं लागेल. पाऊस येतो ती पश्चिमेची भिंत हाताने चाचपून बघा. नवा रंग दिलेला असला तरी ओल तळहाताला कळते. खिडक्यांवर पत्र्याची पडवी आहे का, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं, टाकीला घट्ट झाकण आणि खिडक्यांना जाळी आहे का, हेही बघा. माकडं उघड्या खिडकीतून सरळ ओट्यापर्यंत येतात. एप्रिल-मेमध्ये पाणी किती दिवसांनी येतं हा प्रश्न मालकाला विचारू नका, शेजारच्या घरात विचारा. एवढ्या पावसाच्या मुलखात पाण्याची टंचाई कशी, असं नवख्याला वाटतं. पण हा जांभ्या दगडाचा डोंगर आहे, पडलेलं पाणी धरून ठेवत नाही, ते झिरपून उताराला लागतं.

आता या यादीतलं सगळ्यात मोठं काम. स्वतःला विचारा: जुलैची रात्र आहे, दीड वाजलाय, वीज गेली आहे, आणि दोघांपैकी एकाच्या छातीत दुखतंय. तर काय कराल?

आमच्यावर ती वेळ दुसऱ्या पावसाळ्यात आली. यांच्या कमरेतून कळ निघाली, घामाने अंग भिजलं, नीट उभं राहता येईना. धुकं इतकं, की फाटकाशी लावलेली आमचीच गाडी ओट्यावरून दिसत नव्हती. पुण्यात मी तीस वर्षं गाडी चालवली होती, पण घाटात एकदाही नाही, आणि त्या रात्री माझी हिंमत झाली नाही. शेजारचे मामा टॅक्सी चालवायचे, त्यांचं दार ठोठावलं. लुंगीवरच आले. चारही दिवे लुकलुकत ठेवले, खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि रस्त्याच्या कडेचे चुना लावलेले दगड मोजावेत तशी गाडी पसरणी घाटातून उतरवली. मागच्या सीटवर यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी प्रत्येक वळणाला "आता किती राहिलं" विचारत होते. वाई इथून १२-१३ किलोमीटर. आम्हाला सव्वा तास लागला. मूतखडा निघाला, सकाळपर्यंत कळ थांबली. हृदयविकार असता तर तो सव्वा तास आम्हाला परवडला नसता.

त्या आठवड्यात मी मामांकडे घाट शिकायला सुरुवात केली. तुम्ही येण्याआधीच शिका, आणि दोघांनीही शिका. "ताई, ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं. बिरेकवर पाय ठिवून उतरलं की बिरेक तापत्यात, मग ऐन वळणावर लागत न्हाईत," हा त्यांचा पहिला धडा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, धुक्यात दिवा खालीच ठेवायचा, वळणाच्या आधी हॉर्न द्यायचा. मला सरावाला दोन महिने लागले. आज रात्री उतरायची वेळ आली तर मी उतरू शकते, आणि हे सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो.

घाट बंद झाला तर काय, हेही ठरवून ठेवा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. पाचगणीहून खाली जायचा मुख्य रस्ता पसरणीचा; तो अडला तर महाबळेश्वरवरून केळघर घाटाने मेढा आणि तिथून सातारा. हा रस्ता दिवसा, कोरड्या दिवसांत एकदा स्वतः गाडी चालवून बघून ठेवा.

दाराशी एक पिशवी कायम टांगलेली असू द्या. तिच्यात दोघांचे ताजे रिपोर्ट, रक्तगट, चालू गोळ्यांची नावं आणि मात्रा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद, विम्याची कार्डं, चार-पाच हजार रोख, मोबाइलचा चार्जर, टॉर्च, एक कोरडा कपड्यांचा जोड, आणि हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, ती बोलवाच, पण धुक्यात तिलाही वेळ लागणार हे धरून चाला. गावातल्या एका डॉक्टरांना आजारी पडण्याआधी जाऊन भेटा, फाइल दाखवा, त्यांना तुमचा चेहरा ओळखीचा होऊ द्या. विमा कंपनीकडून वाई, सातारा आणि पुणे इथली कॅशलेस रुग्णालयं लिहून घ्या. मोठी शस्त्रक्रिया म्हटली की सातारा नाहीतर पुणे. पुणे शंभरेक किलोमीटर पडतं. पावसाळ्याआधी तीन महिन्यांची औषधं भरून ठेवा. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते थंड कशात ठेवणार हे आधी ठरवा. ज्यांना अँजिओप्लास्टी होऊन वर्षही झालेलं नाही, त्यांनी घाई करू नये. वाईत घर घ्यावं आणि वर येऊन-जाऊन राहावं. वाई सुंदर गाव आहे. कृष्णेचे घाट आहेत, मराठी विश्वकोशाचं काम जिथून चाललं ते हेच गाव, आणि तिथून पाचगणी अर्ध्या तासावर.

जीवावर बेतणारी आणखी एक गोष्ट: थंडी-पावसात दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपू नका, आणि बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पावसाळ्यात सौर बंब कामाचा राहत नाही, विजेचा गीझर वीज असेल तेव्हाच. आम्ही परसात, उघड्या पत्र्याखाली, तांब्याचा जुना बंब ठेवला आहे. इन्व्हर्टर, दोन सिलिंडर आणि आठवडाभराचा शिधा एवढं असलं की घरातल्यांना धीर राहतो.

जागा विकत घ्यायची असेल तर थोडक्यात सांगते, कारण हे काम वकिलाचंच आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबारा दाखवून "पुढे बिनशेती करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही इसार देऊ नका. शिवाय १७ जानेवारी २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे. बांधकामाची उंची, जमिनीचा वापर, झाडं तोडणं, सगळ्यावर निर्बंध आहेत. मला ते निर्बंध हवेसेच वाटतात. ते नसते तर तुम्ही-आम्ही ज्या झाडीसाठी इथे येतो ती कधीच गेली असती. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेचे आधीचे व्यवहार तपासल्याचा अहवाल, मालमत्ता पत्रक, नगरपरिषदेचा मंजूर नकाशा हे सगळं हातात आल्याशिवाय सही करू नका.

कागदपत्रांत आधारचा पत्ता, मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८, गॅसचं कनेक्शन, बँकेची शाखा. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. तो मोबाइलवरून चेहरा दाखवून देता येतो, तेवढं शिकून घ्या म्हणजे घाट उतरावा लागत नाही.

सामान निम्मं करा. रेशमी साड्या, फोटोंचे अल्बम आणि जुनी पुस्तकं मुलीकडे ठेवा. पहिल्या सप्टेंबरला मी लग्नातली पैठणी उघडली, तर घडीच्या प्रत्येक रेषेवर पांढरी बुरशी, पदरावरच्या मोरांच्या डोळ्यांपर्यंत. मऊ कापडाने पुसली, सावलीत पसरली, तरी डाग राहिलेच. तेव्हापासून प्रत्येक कपाटात विजेचा एक लहान दिवा लावलेला असतो आणि खाली उघड्या भांड्यात न पेटवलेला कोळसा, ओल शोषायला. सासूबाईंच्या कानाचं यंत्र दर पावसाळ्यात बंद पडायचं. आता ते रात्री घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. लोखंडी कपाट आणू नका, गंजतं. चांगल्या तळाचे बूट प्रत्येकी दोन जोड आणा, कारण एक वाळायला तीन दिवस लागतात.

आणि ऑगस्टमधल्या दुपारी तीन वाजता काय करणार, याचं उत्तर घेऊन या. फिरणं बंद, पाहुणे नाहीत, फोनला रेंज येते-जाते. मी जवळच्या भिलारला जाते. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि कुणीही आत बसून वाचू शकतं. हे इथल्या दोन मुलांना गणित शिकवतात. किराणा, भाजी, दूध गावातूनच घ्या, पुण्याहून डिकी भरून आणू नका. दुकानदाराला तुमचं नाव ठाऊक होणं हे इन्व्हर्टरइतकंच गरजेचं आहे. शनिवार-रविवारी रस्ते पर्यटकांनी भरतात, तेव्हा बाहेरची कामं मंगळवार-बुधवारी उरका.

शेवटचं काम सामान लावून झालं की त्याच दिवशी करा. घराची एक किल्ली शेजारी द्या, आणि कडी आतून न लावता रात्री नुसतं कुलूप लावायची सवय करा, म्हणजे गरज पडली तर बाहेरून दार उघडता येईल. आमची किल्ली मामांच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते.