एआर कमांड: लायब्ररी फाइल बांधणे, तपासणे आणि स्वच्छ ठेवणे

१९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि पुढे संस्थानातील खेड्यापाड्यांत पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. अशी पेटी उपयोगी पडायची तर तिच्याबरोबर यादी हवी आणि ती यादी आतल्या पुस्तकांशी जुळायला हवी. दांडिया बाजारात माझ्याकडे सी भाषा शिकण्यासाठी येणाऱ्या मुलांना स्टॅटिक लायब्ररी समजावताना मी हीच पेटी त्यांच्यापुढे ठेवतो, कारण लायब्ररी फाइल म्हणजे कंपाइल केलेल्या ऑब्जेक्ट फाइलींची एक पेटी आणि त्यातील फंक्शनांची यादी, याहून अधिक काही नाही. ती पेटी सांभाळणारी कमांड म्हणजे एआर. ती १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून चालत आलेली असून आज लिनक्सवर बिनयुटिल्स या संचाबरोबर मिळते.

या लेखात कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टंकावीत. अक्षर मोठे असेल तेथे तसे सांगितले आहे, एरवी ते लहानच समजावे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एआरमध्ये लहान डी म्हणजे पेटीतून काढून टाकणे आणि मोठे डी म्हणजे अगदी निराळी गोष्ट.

उदाहरणादाखल एका लहान वाचनालयाचा प्रोग्राम घेऊ. देवघेव.सी मध्ये पुस्तक देण्या-घेण्याची नोंद आहे, दंड.सी मध्ये उशिराचा दंड आहे आणि मुख्य.सी मध्ये मेन फंक्शन आहे. पहिल्या दोन फाइलींची लायब्ररी अशी बांधावी:

जीसीसी -सी देवघेव.सी दंड.सी मुख्य.सी
एआर आरसीएस लिबवाचन.ए देवघेव.ओ दंड.ओ

येथे आर म्हणजे फाइल पेटीत घालणे आणि त्या नावाची फाइल आधीच असल्यास ती बदलणे; सी म्हणजे पेटी नसल्यास सूचना न देता नवी करणे; एस म्हणजे फंक्शनांची यादी तयार करणे. ग्नूचे, म्हणजे बिनयुटिल्समधले, एआर ही यादी स्वतःहूनच करते, तरीही एस लिहिण्याची सवय चांगली. जुन्या पुस्तकांत यानंतर रॅनलिब ही वेगळी कमांड दिलेली आढळते. तिचे काम एआर एस एवढेच आहे.

आत काय आहे ते पाहण्यासाठी एआर टी लिबवाचन.ए असे लिहावे. टी बरोबर व्ही जोडल्यास आकार, तारीख आणि परवानग्याही दिसतात. कोणते फंक्शन कोणत्या फाइलीत आहे हे हवे असेल, तर एनएम -एस लिबवाचन.ए ही कमांड यादीच समोर मांडते.

लायब्ररी जोडताना क्रम चुकवू नये:

जीसीसी मुख्य.ओ लिबवाचन.ए -ओ वाचनालय

लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम तयार करणारे साधन, डावीकडून उजवीकडे जातो आणि पेटीपाशी पोचल्यावर तोवर ज्या फंक्शनांची गरज नोंदली गेली आहे तेवढ्यांच्याच ऑब्जेक्ट फाइली उचलतो. लिबवाचन.ए आधी लिहिली, तर त्या वेळी कोणतीच गरज नोंदलेली नसल्याने तो रिकाम्या हाताने पुढे जातो आणि शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी तक्रार करतो. फंक्शन पेटीत डोळ्यांना दिसत असूनही ही तक्रार आली, तर बहुतेक वेळा दोष क्रमाचाच असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे वळतो. आर पेटीत फाइल घालतो आणि बदलतो, पण तुम्ही न सांगितलेली कोणतीही जुनी फाइल तो काढत नाही. एकदा दंडाचा दर बदलला तेव्हा मी दंड.सी पुसून टाकली, तेच फंक्शन आकार.सी नावाच्या नव्या फाइलीत लिहिले आणि एआर आरसीएस लिबवाचन.ए देवघेव.ओ आकार.ओ अशी कमांड दिली. सर्व काही विनातक्रार कंपाइल झाले, लिंकही झाले, आणि प्रोग्राम मात्र जुन्याच दराने दंड सांगत राहिला. अर्धी संध्याकाळ मी गुणाकार तपासण्यात घालवली. झाले होते ते असे की दंड.ओ पेटीत पूर्वीच्याच जागी होती, आकार.ओ तिच्यामागे शेवटी जाऊन बसली होती, आणि यादीत पहिले सापडलेले फंक्शन लिंकरने उचलले होते. आकार.ओ मधील दुसऱ्या एखाद्या फंक्शनाचीही गरज पडली असती, तर दोन्ही फाइली आत येऊन ‘मल्टिपल डेफिनिशन’ची चूक तरी दिसली असती, येथे तेवढीही कृपा झाली नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे नको असलेली फाइल नाव घेऊन काढणे:

एआर डी लिबवाचन.ए दंड.ओ

दुसरा, आणि माझ्या मते खरा, उपाय म्हणजे प्रत्येक वेळी जुनी पेटी आरएम -एफ लिबवाचन.ए या कमांडने पुसून नवी बांधणे. मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या कमांड लिहून ठेवलेल्या फाइलीत, एआरच्या ओळीच्या अगोदर ही एक ओळ घातली की विषय संपतो. जुन्या पेटीत भर घालून वाचणारा वेळ आजच्या यंत्रांवर नगण्य आहे. याच कारणाने मी यू हा पर्यायही शिकवत नाही. नवीन असेल तरच फाइल बदलावी, हा त्याचा अर्थ. परंतु अनेक लिनक्स वितरणांत मोठे डी आधीपासूनच लागू असते, ते तारखा शून्य लिहिते, आणि मग तुलना कशाशी करणार? एआर तशी सूचना देऊन यू कडे दुर्लक्ष करते. तारखा आणि मालकाचे क्रमांक शून्य ठेवण्यामागचा हेतू मात्र चांगला आहे: त्याच ऑब्जेक्ट फाइली त्याच क्रमाने घातल्या, तर पेटी कोणत्याही दिवशी बाइटन् बाइट तीच निघते.

पेटीतील फाइली बाहेर काढण्यासाठी एआर एक्स लिबवाचन.ए लिहावे, पण आधी रिकामी डिरेक्टरी करून तेथे जावे, कारण त्याच नावाची फाइल समोर असेल तर एआर न विचारता ती बदलते.

फाइलीची आतली रचना फार साधी आहे. आरंभी ८ बाइटांची ओळखखूण असते. नंतर प्रत्येक फाइलीपूर्वी ६० बाइटांचे शीर्षक येते, ज्यात नावाला १६, तारखेला १२, मालक आणि गट यांना प्रत्येकी ६, परवानग्यांना ८, आकाराला १० आणि शेवटच्या खुणेला २ बाइट दिलेले असतात. ग्नू पद्धतीत नावाच्या शेवटी एक तिरपी रेघ लागत असल्याने नावाला १५ बाइटच उरतात. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्राही वेगळी धरून, ३ बाइट घेते. म्हणजे ‘देवघेव’ एवढ्याच नावाचे १८ बाइट झाले. अशी लांब नावे पेटीतच एका वेगळ्या तक्त्यात ठेवली जातात, त्यामुळे देवनागरी नावे चालतात. तरीही जुनी साधने वापरायची असतील तर नावे रोमन आणि आखूड ठेवणे शहाणपणाचे.

विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारी लिब ही कमांड हीच कामे करते: तिरप्या रेघेनंतर लिस्ट लिहिल्यास यादी मिळते, रिमूव्ह लिहिल्यास फाइल निघते, आउट लिहिल्यास नव्या पेटीचे नाव देता येते.

सराव करायचा असेल आणि लायब्ररी हाताशी नसेल, तर उबुंटू किंवा डेबियनचे कोणतेही डेब पॅकेज घ्यावे. तेही एआरचीच पेटी असते. एआर टी लावल्यावर आत तीन वस्तू दिसतील: आवृत्ती सांगणारी डेबियन-बायनरी, माहितीची कंट्रोल.टार आणि प्रत्यक्ष फाइलींची डेटा.टार, शेवटच्या दोहोंच्या नावापुढे दाबण्याच्या पद्धतीचे शेपूट जोडलेले असते.