फुलाफुलांच्या जुन्या कपबशा जमवताय? या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातलं आमचं घर भरलेलं असतं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया आणि कैरीचं ताजं लोणचं. एका वर्षी ते लोणचं मी हौसेने एका जुन्या चिनी मातीच्या वाडग्यात काढलं. तळाशी नारिंगी फुलांचा गुच्छ, कडेला बारीक सोनेरी रेघ. पाहुण्यांच्या गडबडीत उरलेलं लोणचं पाच दिवस त्यातच राहिलं. वाडगा धुतला तेव्हा फुलांची चमक गेलेली होती. पाकळीवरून बोट फिरवलं तर खडूवर फिरवल्यासारखं लागलं.

ती चूक फक्त नक्षीपुरती नव्हती, हे नंतर नीट वाचल्यावर कळलं. जुन्या भांड्यांवरची बरीचशी फुलं झिलईच्या (मातीवरच्या काचेसारख्या थराच्या) वर रंगवलेली असतात. भांडं आधी खूप जास्त तापमानाला भाजतात (पोर्सेलीन, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारी पांढरी चिनी माती, 1300 अंशांच्याही पुढे), मग त्यावर रंग देऊन 700 ते 850 अंशांना पुन्हा भाजतात. एवढ्या कमी आचेवर रंग चिकटावा म्हणून त्यात शिसं असायचं, आणि लाल, नारिंगी, पिवळ्या छटांसाठी कॅडमियमही वापरलं जायचं. आंबट पदार्थ ते हळूहळू ओढून घेतो. लोणचं, लिंबू, चिंच, कैरीचं पन्हं, दही, टोमॅटो यातलं काहीही अशा भांड्यात मुरत ठेवू नका. ओळखायची खूण सोपी आहे. भांडं उजेडात तिरकं धरा आणि डोळे मिटून बोट फिरवा. फुलं बोटाला उंच लागली, किंवा तिरक्या उजेडात बाकीच्या पृष्ठभागापेक्षा कमी चकाकली, तर नक्षी वरची आहे. फुलं काचेखाली असल्यासारखी गुळगुळीत लागली तर ती झिलईखालची आहे, तिच्यापासून जास्त धोका नाही. वरची नक्षी कपाच्या बाहेरून असेल तर मी त्यात चहा देते. आतून असेल तर त्या भांड्यात सुका मेवा, बडीशेप, फार तर बिस्किटं. लहान मुलांच्या आणि गरोदर मुलीच्या पानात मात्र असलं भांडं अजिबात नको.

दुसरी चूक आपल्या शब्दामुळेच होते. मराठीत सगळ्यालाच आपण चिनी माती म्हणतो. लोणच्याची बरणी चिनी माती, हॉटेलातली जाड कपबशी चिनी माती आणि पापुद्र्यासारखा पातळ कपही चिनी माती. विकणारा तिन्हींना एकच नाव देतो आणि घेणारा फसतो. घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च बशीच्या मागे धरा. उजेड आरपार आला आणि बोटांची सावली दिसली तर ते पोर्सेलीन किंवा बोन चायना. अजिबात दिसली नाही तर बहुतेक साधी माती किंवा जाड स्टोनवेअर, म्हणजे बरणीसारखी घट्ट भाजलेली माती. मग बशी उलटी करून पायाच्या कड्यावर जिथे झिलई नाही तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. साध्या मातीत तो शोषला जातो, पोर्सेलीनवर तसाच उभा राहतो. साधी माती वाईट नसते, माझ्याकडे तिचे फार देखणे नग आहेत. पण तिची किंमत आणि निगा वेगळी.

बोन चायनाबद्दल एक गोष्ट आमच्या भागात सांगायलाच हवी. यातलं 'बोन' खरंच हाड आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी जोसाया स्पोडने बसवलेल्या पद्धतीत निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते. आपल्याकडे कितीतरी घरं कडक शाकाहारी आहेत, सोवळंओवळं पाळणारी आजीही घरात असते. पाहुण्यांना न सांगता त्यात चहा देणं मला योग्य वाटत नाही. बोन चायना दुधाच्या सायीसारखं उबदार पांढरं दिसतं, पोर्सेलीन किंचित निळसर पांढरं. शंका असेल तर पोर्सेलीनच घ्या.

तिसरी चूक शिक्का न वाचण्याची, किंवा तो अर्धवट वाचण्याची. खाली 'इंग्लंड' लिहिलंय म्हणजे शंभर वर्षं जुनं, असं छातीठोक सांगणारे विक्रेते भेटतात. अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून नुसतं 'इंग्लंड' लिहिलेला नग साधारण त्यानंतरचा. 'मेड इन इंग्लंड' बहुधा पहिल्या महायुद्धानंतरचं. जपानी मालावर 'निप्पॉन' असेल तर तो 1921 पर्यंतचा, त्यानंतर 'जपान' आलं. 'ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजांचा तिथे ताबा होता त्या काळातला, म्हणजे फार तर 1952 पर्यंतचा. आणि शिक्क्यात 'डिशवॉशर सेफ' असेल तर नग पणजीच्या काळातला असणं शक्य नाही, मग विक्रेता काहीही म्हणो. गुलाबांचं सगळ्यात ओळखीचं डिझाइन, रॉयल अल्बर्टचं 'ओल्ड कंट्री रोझेस', हेसुद्धा 1962 मध्ये आलं. त्याला 'इंग्रजांच्या काळातलं' म्हणून जादा पैसे देऊ नका.

इंग्लंडच्या शिक्क्याच्या मागे लागून लोक बंगाल पॉटरीज किंवा हितकारी या देशी कारखान्यांचे शिक्के बाजूला सारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जळगाव, धुळे, अमळनेरच्या मध्यमवर्गीय घरांत शोकेसमध्ये दिसायचे ते असलेच सेट. आपल्या आईने पाहुण्यांसाठी जपलेले. भुसावळच्या एका जुन्या घरातून मला मिळालेल्या खोलगट बश्या अशाच देशी आहेत. बशीत चहा ओतून फुंकर मारत पिणाऱ्यांसाठी त्या किती बरोबर आहेत, ते हातात घेतल्यावर कळतं. आजच्या सपाट बशीत तो चहा सांडतो.

विकत घेताना आवाज न ऐकणं ही आणखी एक महागडी चूक. कप तळहातावर मोकळा ठेवा, कान धरू नका, आणि कडेला हलकी टिचकी मारा. धड कप खणखणतो. तडा गेलेला बद्द वाजतो. डोळ्यांना न दिसणारी केसासारखी चीरही आवाजात सापडते. चिकटवून रंगवलेला कान किंवा बुजवलेला टवका मात्र आवाजात सापडेलच असं नाही. त्यासाठी दुकानात नोटा तपासायचा जो जांभळा दिवा असतो, तो उपयोगी पडतो. त्याखाली नवा गोंद आणि रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळे चमकतात. असा कप शोभेला घ्या, पण त्यात चहा ओतू नका. गरम चहाने चिकटवलेला कान सुटला तर हात भाजेल.

आता घरी आणल्यावरच्या अडचणी. खान्देशात बोअरचं पाणी जड, त्यामुळे कपावर क्षारांचा पांढरा थर धरतो. लोक व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात आणि सकाळी सोनेरी कड फिकी होते. असं करू नका. पांढऱ्या, नक्षी नसलेल्या जागेवर व्हिनेगरचा बोळा पाच मिनिटं ठेवा आणि लगेच धुवा. सोनेरी कडेला तारेची किंवा हिरवी घासणी, राख, दात घासायची पावडर यातलं काहीच लावायचं नाही. भांडी घासायला मावशी येत असतील तर ही भांडी वेगळी ठेवा, नंतर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. सोनं असलेलं भांडं मायक्रोवेव्हमध्येही नको, ठिणग्या उडतात.

कपात चहाचे तपकिरी डाग असतील तर ओला खाण्याचा सोडा बोटाने हलका फिरवा, पण फुलांवर नको. शेवभाजीच्या तर्रीचा पिवळा डाग बारीक जाळीदार तड्यांत शिरला असेल तर घासून तो निघत नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन आपल्याकडे भरपूर आहे. भांडं धुऊन कोवळ्या उन्हात दोन-तीन दिवस ठेवा. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात नाही. पंचेचाळीस अंशांत तापलेली बशी उचलून माठाच्या पाण्याखाली धरली की झिलई आणि माती वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि जाळी आणखी वाढते. थंडीत उलटं होतं. पहाटे गारठलेल्या कपात उकळता चहा ओतू नका, आधी कोमट पाण्याने कप विसळून घ्या.

मांडणीबद्दल थोडंच सांगते. कप एकात एक घालू नका, कानाने टांगू नका, बश्यांच्या मध्ये जुन्या सुती साडीचे गोल तुकडे ठेवा. सिंक स्टीलचं असेल तर तळाला टॉवेल अंथरा. माझी निम्मी फूट सिंकच्या नळाला आपटून झालेली आहे.

पूर्ण सेटच्या हट्टात कित्येक वर्षं वाया जातात. पंधरा नगांचा जुना सेट (सहा कप, सहा बश्या, किटली, दूधदाणी, साखरदाणी) धड मिळणं दुर्मीळच. एक रंग धरा, उदाहरणार्थ गुलाबी फुलं आणि हिरवी पानं, आणि वेगवेगळ्या ठिकाणचे नग त्यात बसवा. आजच्या छोट्या फ्लॅटमधल्या टेबलावर ते जास्त शोभतात.

आणि शेवटची चूक, जी मी होता होता टाळली. बशीच्या पाठीवर कधी कधी ऑइलपेंटचा ठिपका किंवा एखादं अक्षर असतं. ते घाण समजून खरवडू नका. लग्नकार्याला शेजारपाजारची भांडी मागून आणायचे, परत देताना अदलाबदल होऊ नये म्हणून केलेली ती खूण. माझ्या हाती आलेल्या एका बशीवर लाल 'स' आहे. विकणाऱ्या आजीबाईंनी ती पदराने पुसली आणि देता देता म्हणाल्या, "हाई मनी मायनी शे." (ही माझ्या आईची आहे.) मी थिनरची बाटली परत कपाटात ठेवून दिली.