आपल्या मोहल्ल्यातला जुना ऑर्केस्ट्रा कसा चढला, कसा बसला, हे लिहून काढायचं असेल तर

भाचा आयर्लंडमध्ये डब्लिनला नोकरीला आहे. त्याने पार्नेल स्क्वेअरमधल्या एका स्मारकाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मामा हे आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांसारखेच लोक होते वाटते. मग मी वाचत बसलो, चार-पाच रात्री गेल्या त्यात, आणि तिथल्या शोबँडची, म्हणजे नाचाच्या हॉलमध्ये उभं राहून गाणी वाजवणाऱ्या बँडची, गोष्ट जसजशी समजत गेली तसतसे मला आमचे मोठे काका दिसायला लागले. काका नागपूरच्या महाल भागातल्या एका ऑर्केस्ट्रात कॉंगो, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, वाजवायचे, गणपती ते दिवाळी त्यांना घरात धड कुणी पाहिलंच नाही. काका गेले आणि त्यांच्यासोबत सगळंच गेलं, कारण कुणी दोन ओळी लिहून ठेवल्या नव्हत्या. आता त्यांच्या सोबतचे जे तिघं-चौघं उरले आहेत त्यांच्याकडे मी जाऊन-जाऊन लिहून राहिलो. तुमच्याही घरात, गल्लीत असा कुणी ट्रम्पेटवाला, अकॉर्डियनवाला, फिमेल सिंगर असेल तर हे काम तुम्ही करा, आणि लवकर करा. कसं ते सांगतो, मी कुठे चुकलो तेही सांगतो.

पहिली गोष्ट, गाण्यांपासून सुरुवात करू नका. मी केली होती. काकांच्या एका जुन्या सोबत्याला "काका, तेव्हा कोणकोणती गाणी वाजवायचे?" असं विचारलं आणि दोन तास रफी, किशोर, मुकेश ऐकून परत आलो, वरून पंखा चालू होता त्यामुळे मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धं घरघरच. गाणी तर सगळ्यांचीच तीच होती ना! आयर्लंडमध्येही तेच. रॉयल शोबँड हा वॉटरफर्ड गावचा तिकडचा सगळ्यात मोठा बँड, ब्रेंडन बोयर त्याचा मुख्य गायक, अमेरिकन गायक एल्विसच्या ढंगात गाणारा. १९६५ मध्ये 'हकलबक' या गाण्याने ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेले, आणि ते गाणं मूळचं चाळीसच्या दशकातलं अमेरिकन. लोकांना रेडिओवर ऐकलेलं गाणं समोर उभ्या माणसाच्या गळ्यातून पाहिजे होतं, बस. म्हणून विचारायचं ते हे: तुमच्या आधी इथे कोण वाजवायचं, आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा वेगळं काय केलं?

या एका प्रश्नाने सगळं उघडते. आयर्लंडमध्ये आधी डान्सला जे ऑर्केस्ट्रा असायचे ते खुर्च्यांवर बसून, समोर नोटेशनचा स्टँड ठेवून, सूट-बो घालून वाजवायचे. स्ट्राबेन गावच्या क्लिपर कार्लटन बँडने पन्नासच्या दशकात ते स्टँड काढून टाकले, उभे राहिले, नाचायला लागले, मध्येच नकला आणि छोटे विनोदी प्रवेश करायला लागले, आणि तिथून 'शोबँड' हा प्रकार सुरू झाला असं मानतात. आमच्याकडच्या एका ट्रम्पेटवाल्या काकांना हाच प्रश्न विचारला तर ते म्हणाले, आमच्या आधीचे लोक पेटी-तबला घेऊन सतरंजीवर बसत, आम्ही पहिल्यांदा सगळ्यांचे एकसारखे चकाकते शर्ट शिवले, इतवारीतून कापड आणलं होतं. शर्ट म्हणजे किरकोळ गोष्ट वाटेल, पण ते सांगताना त्यांनी स्वतःच्या कॉलरला हात लावला, आणि मग कापड कोणी निवडलं, पैसे कोणी भरले, कोण चिडून सोडून गेला, सगळं ओघाने निघत गेलं.

मग हॉलचं विचारा. म्हणजे जागा कुणाची, तिकीट कोण फाडायचं, पैसे कुणाच्या खिशात जायचे. शोबँडच्या चढतीचं खरं इंजिन मला तरी हॉलच वाटतात. साठच्या दशकात आयर्लंडच्या खेड्यापाड्यात, रस्त्याच्या कडेला मोठमोठे बॉलरूम उभे राहिले, पोरं-पोरी सायकलींवर, बसने मैलोन्‌मैल यायचे, एका भिंतीला बाया, समोरच्या भिंतीला माणसं. आणि तिथे दारू मिळायची नाही, लेमोनेडसारखी थंड पेयं, चहा, सँडविच एवढंच. असे बॉलरूम बांधणाऱ्यांमध्ये अल्बर्ट रेनॉल्ड्स आणि त्यांचा भाऊ होते, त्यांची साखळीच होती, आणि हेच अल्बर्ट रेनॉल्ड्स पुढे १९९२ ते १९९४ आयर्लंडचे पंतप्रधान झाले. म्हणजे वाजवणारा कुठे राहिला आणि हॉलवाला कुठे पोचला ते पाहा. आपल्याकडे दोन वेगळे हिशोब असतात, ते वेगवेगळे लिहा: तिकिटाचा शो, आणि उत्सव मंडळाची सुपारी. धनवटे रंगमंदिरात तिकीट लावून शो करणं आणि गोकुळपेठेतल्या नाहीतर रेशीमबागेतल्या गणपतीसमोर फुकट पब्लिकसाठी वाजवणं, यात पैसा, इज्जत, वेळ सगळंच वेगळं. बयाणा किती, बाकी कधी मिळायची, मिळायची का, हे थेट विचारा. लाजू नका. एका मंडळाने पूर्ण रात्र वाजवून घेऊन उरलेले पैसे दिलेच नाहीत, हे सांगताना त्या ट्रम्पेटवाल्या काकांचा आवाज चाळीस वर्षांनंतरही बदलला. मंडळाचं नाव मी लिहिलं नाही, तुम्हीही लिहू नका, प्रसंग मात्र पूर्ण लिहा.

पुढे वर्षाचं कॅलेंडर काढा. एका कोऱ्या कागदावर बारा महिने लिहायचे, आपले मराठी महिने लिहा, तेच लोकांच्या डोक्यात असतात, आणि समोरच्याला म्हणायचं, सांगा आता, चैत्रात कुठे, श्रावणात काय, भाद्रपदात किती प्रोग्राम. मला याची आयडिया आयर्लंडवरूनच आली. तिथे ईस्टरच्या आधीच्या ४० दिवसांच्या उपवासात नाच-गाणं बंद असायचं, हॉलला कुलूप, मग मोठे बँड त्या दिवसांत इंग्लंड-अमेरिकेतल्या आयरिश लोकांपुढे वाजवायला निघून जायचे. आपल्या पितृपक्षासारखंच झालं ना ते! मी विचारलं, पितृपक्षात तुम्ही काय करायचे? तर कळलं की नवरात्राची, दुर्गा उत्सवाची नवीन गाणी बसवायची प्रॅक्टिस त्याच पंधरवड्यात व्हायची, एकाच्या घरी, दार-खिडक्या लावून, घामाघूम होत. हे मला सरळ प्रश्न विचारून कधीच मिळालं नसतं. आणि चातुर्मासात लग्नं नसायची तेव्हा घर कशावर चालायचं, कोण मिलमध्ये होता, कोण रेल्वेत, कोण टेलरिंग करायचा, तेही याच कागदावर येते.

गाडी आणि रस्ता. यावर खूप वेळ द्या, माझ्या मते निम्मा इतिहास मेटाडोरमध्ये घडलेला असतो. कोण पुढे बसायचं, स्पीकर कुठे बांधायचे, बालाघाट-छिंदवाड्याहून रात्री परत येताना कुठे थांबून चहा प्यायचे, बाई सिंगरला घरापर्यंत कोण सोडायचं, तिच्या घरचे काय म्हणायचे. आयर्लंडच्या गोष्टीत तर रस्ताच सगळ्यात वाईट ठिकाणी घेऊन जातो. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे मायामी शोबँड सीमेपलीकडच्या, ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजहून प्रोग्राम करून डब्लिनला परत येऊन राहिला होता. न्यूरीच्या आधी, बस्कहिलजवळ, लष्करी गणवेशातल्या लोकांनी गाडी थांबवली. तो खोटा नाका होता, युव्हीएफ नावाच्या, ब्रिटनच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा. पोरांना खाली उतरवून रांगेत उभं केलं आणि गाडीत बॉम्ब ठेवायला लागले, तो वेळेआधीच फुटला, ठेवणारे दोघं मेले आणि बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या. फ्रॅन ओटूल, टोनी गेराटी आणि ब्रायन मॅकॉय हे तिघं वाजवणारे गेले. त्यानंतर दक्षिणेकडचे बँड उत्तरेकडे जायला घाबरायला लागले. भाच्याने पाठवलेला फोटो याच तिघांच्या स्मारकाचा होता, २००७ मध्ये उभारलेलं, जिथे आधी नॅशनल बॉलरूम होता त्याच्या समोर. मी तो फोटो ट्रम्पेटवाल्या काकांना दाखवला. ते खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, रात्रीची गाडी आम्हीही केली रे बाप्पा, आयुष्यभर.

आता उतरती. इथे सगळे एकच उत्तर देतात, "डीजे आला आणि आम्ही संपलो." ते उत्तर लिहून घ्या पण तिथे थांबू नका. आयर्लंडमध्ये काय झालं पाहा: हॉटेलं आणि लाउंज बारमध्ये दारूसोबत नाच सुरू झाला, मग लेमोनेडवाल्या हॉलमध्ये कोण जाईल, पोरांना बीटल्ससारखे चार जणांचे बीट ग्रुप आवडायला लागले, एक डिस्कोवाला सात-आठ वादकांपेक्षा स्वस्त पडायला लागला, उत्तरेकडच्या हिंसाचाराने रस्ते बंद केले, आणि बँड आतूनही फुटले. रॉयलमधून बोयर आणि टॉम डन्फी १९७१ मध्ये बाहेर पडले, दुसरा बँड काढला, तो लास व्हेगासला वाजवायला जायला लागला, आणि डन्फी १९७५ मध्ये मोटार अपघातात गेले. ज्या रॉयलच्या प्रोग्रामच्या सुरुवातीला १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या स्टेजवर बीटल्सने वाजवलं होतं, हो, तेच बीटल्स, त्या रॉयलची ही गत. कारणं एकात एक गुंतलेली असतात, म्हणून प्रत्येक कारणासाठी वेगळा प्रश्न ठेवा. वादक किती होते आणि किती-किती कमी होत गेले, हे वर्षागणिक लिहा. कीबोर्ड आला तेव्हा अकॉर्डियनवाला घरी बसला, ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, आला तेव्हा कॉंगो-बोंगो आणि साइड रिदमवाले दोघं-तिघं एकदम गेले, आमचे मोठे काका त्यातलेच. मग २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर स्पीकर बंद, सणाचे मोजके दिवस १२ पर्यंत सूट. ज्या प्रोग्रामला रंगच ११ नंतर चढायचा त्याचं काय होणार? आणि आता कराओके, ट्रॅक लावला की झालं, गाणाऱ्यालाच हौस, तोच पैसे भरते. मला कराओकेवाल्यांचा राग नाही, त्यातले कितीतरी सुरेख गातात, पण समोर वाजवणारा माणूस नाही याचं दुःख मला आहे आणि ते मी लिहिताना लपवत नाही.

सनावळीची पंचाईत होईल. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, किंवा ठासून चुकीचं सांगतात. मग खुंटी द्या: एशियाड झालं, टीव्हीवाले वाढले, त्याच्या आधी की नंतर? म्हणजे १९८२. कपिलने वर्ल्ड कप आणला तेव्हा? १९८३. मोवाडचा पूर आला ते वर्ष, १९९१? गोवारी मोर्चात माणसं चेंगरून मेली तेव्हा तुम्ही वाजवत होते का, १९९४? असं विचारलं की हळूहळू जागेवर येते. मग फोटोच्या मागची तारीख, जुनी डायरी, निमंत्रणपत्रिका, पेपरातली जाहिरात, जे हाती लागेल त्याच्याशी ताडून पाहा. दोघांनी दोन वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं त्या नावासकट. फोटो मोबाईलवर काढताना खिडकीच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली चमक येते, आणि मागची बाजूही काढा, अक्षर तिथेच असते. फोटो घरी मागून नेऊ नका, एकदा गेलेला फोटो परत येत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत असते.

रेकॉर्डिंग एका वेळी पाऊण तास, जास्त नाही. पंखा बंद, कुकर बंद, काकूंना आधीच सांगून ठेवा, आणि काकूंनाही बसवा कारण तारखा आणि उधारी त्यांनाच पाठ असते. वाद्य घरात असेल तर शेवटी मागा. त्या ट्रम्पेटवाल्या काकांचं ट्रम्पेट कधीच विकलं गेलं होतं, पोरीच्या लग्नात. पण त्यांनी आतून एक स्टीलचा डबा आणला, त्यात धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला फक्त माउथपीस. दात राहिले नाहीत फारसे. तरी ओठाला लावला, आणि नुसत्या त्या पितळी तुकड्यातून, बदकासारख्या आवाजात, एका गाण्याचं इंट्रो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, मध्ये जिथे व्हायोलिन यायची तिथे बोटाने ताल धरून थांबले, आणि बरोबर जागेवर परत उचललं. माझा मोबाईल चालू होता, हे माझं नशीब.

लिहून झालं की छापायची घाई नका करू. आधी मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, त्यांच्याकडे जा आणि मोठ्याने वाचून दाखवा, जमलं तर उरलेल्या दोघा-तिघांना एकाच दिवशी बोलवा. भांडतील. आमच्याकडे शर्टाच्या रंगावरून भांडले, एक म्हणे मरून, एक म्हणे नाही, जांभळा. मी पेन काढून दोन्ही लिहिले. दुरुस्त केलेली एक-एक कॉपी त्यांच्या घरी ठेवा, रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्ये टाकून त्यांच्या नातवाला द्या आणि त्यावर वादकाचं पूर्ण नाव आणि वाद्य लिहा.